रंगाला शून्य, खुरांना शून्य

"डॉक्टर, या दोघांतला कोणता? आणि थोडा बरा, की बराच बरा?"

हा प्रश्न मी विचारला तेव्हा माझ्यासमोर दोन खिलार बैल, दोन अवघडलेले मालक आणि एक निवृत्त जनावरांचे डॉक्टर उभे होते. बैल सोडून बाकी सगळ्यांना मी कंटाळा आणला होता. बैलांबद्दल खात्रीने सांगता येत नाही.

उबाळे डॉक्टरांनी मान किंचित डावीकडे वळवली आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून पहिल्या बैलाकडे पाहिलं. मग जवळ जाऊन शिंगाच्या बुडाशी हात घातला. तो हात तसाच कपाळावरून, मानेवरून, वशिंडावरून पाठीपर्यंत नेला. कातडी चिमटीत धरून सोडली. "फिरवा जरा," म्हणाले. मालकाने बैल अंगणातल्या टणक जमिनीवरून फिरवला. डॉक्टर मान खाली घालून उभे राहिले. दुसऱ्या बैलाचंही तेच केलं.

दुसरा बैल नामदेव बाबरांचा होता. डॉक्टरांचा हात शेपटीपर्यंत पोचला तसे बाबर पुढे झाले.

"डॉक्टर, ह्याच्या मागल्या डाव्या—"

"बाबर," मी म्हणालो, "आपलं काय ठरलंय?"

बाबरांनी तोंड मिटलं. ठरलं होतं असं की डॉक्टर बैल तपासत असताना मालकांनी अवाक्षर काढायचं नाही. हा नियम माझा. मालकाने काही सांगितलं की परीक्षकाचं मत बिघडतं, आणि मला डॉक्टरांचं मत अगदी स्वच्छ, न बिघडलेलं हवं होतं.

"हा," डॉक्टर बाबरांच्या बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले. "बराच बरा."

मी टिपून घेतलं आणि मनातून भलताच सुखावलो. कारण बाबरांच्या बैलाच्या मागच्या डाव्या खुराला चांगली बोटभर भेग होती. मी आयुष्यात बैलाला पहिल्यांदा हात लावला तो त्याच महिन्यात, पण मलासुद्धा ती दिसत होती. आणि इतका मोठा परीक्षक तिकडे साफ दुर्लक्ष करत होता. याला म्हणतात शास्त्रीय निष्कर्ष, असं मला वाटलं. बाबर मात्र स्वतःचा बैल सरस ठरूनही पडलेल्या चेहऱ्याने उभे होते. का, ते विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही. माझ्या पद्धतीत मालकाच्या चेहऱ्याला जागा नव्हती.

मी तेव्हा पुण्यात संख्याशास्त्रात डॉक्टरेट करत होतो. विषय असा होता की माणूस एखादी गोष्ट निवडतो तेव्हा तिच्या निरनिराळ्या गुणांना मनात किती किती वजन देतो, ते शोधून काढायचं. म्हणजे घर घेताना पाण्याला किती, शेजाराला किती, बसस्टॉपला किती. माणसाला विचारलं तर तो एक सांगतो आणि निवडताना वेगळंच करतो. म्हणून त्याच्यासमोर दोन दोन पर्याय ठेवायचे, 'यातला कोणता' असं विचारत राहायचं, आणि त्याच्या उत्तरांवरून गणिताने ती वजनं काढायची. आमचे सर म्हणाले, "असा माणूस शोध, जो निवाडा उत्तम करतो पण कसा करतो ते त्याला सांगता येत नाही." माझ्या मावसभावाने करंजेगावच्या उबाळे डॉक्टरांचं नाव सुचवलं. माणदेशातल्या त्या गावी जत्रेत बैलांचं प्रदर्शन भरतं. डॉक्टर कित्येक वर्षं तिथे परीक्षक होते आणि त्यांच्या निकालावर हरलेला मालकही भांडला नव्हता. बैलांच्या प्रदर्शनात ही गोष्ट किती दुर्मिळ आहे ते मला नंतर कळलं.

जत्रेच्या आधी मी डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत मुक्काम ठोकला. डॉक्टर सत्तरीकडे झुकलेले, ताठ, कमी बोलणारे. मला ते आडनावाने हाक मारत. रिसबूड हे आडनाव त्या भागात कुणी ऐकलेलं नव्हतं, त्यामुळे गावात माझं 'रिसबूटसाहेब' झालं. त्यांच्या पत्नी मालनकाकू मात्र पहिल्या दिवसापासून मला मुकुंदा म्हणत आणि भाकरी वाढताना माझं 'पुरे' त्यांना ऐकू येत नसे.

पहिल्या संध्याकाळी मी डॉक्टरांसमोर काही वाट्या मांडल्या. एक वाटी रंगाची, एक शिंगांची, एक डोळ्यांची, एक खुरांची, आणि अशाच चाल, कातडी, वशिंड यांच्या. हातात शेंगदाणे दिले आणि म्हणालो, "ज्या गुणाला जितकं महत्त्व, तितके दाणे त्या वाटीत."

डॉक्टरांनी सगळ्यात मोठी मूठ खुरांच्या वाटीत टाकली. "खूर गेला की बैल गेला," ते म्हणाले. त्याखालोखाल रंग. मग डोळे. शिंगांच्या वाटीत थोडे टाकले, आणि उरलेले खाऊन टाकले. ते खाल्लेले दाणे कोणत्या गुणाचे धरायचे यावर मी बराच विचार केला.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याहून आणलेले बैलांचे मोठे मोठे फोटो काढले. डॉक्टरांनी एक फोटो हातात घेतला, थोडा तिरका धरला आणि परत दिला.

"फोटोत बैल नसतो," ते म्हणाले.

हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते सरांना पत्रात कळवलं.

मग आम्ही खरे बैल बघायला वाड्यावस्त्यांवर जाऊ लागलो. मोटारसायकल डॉक्टरांची, चालवायचो मी. "कंबर धरते हल्ली," असं त्यांनी सांगितलं होतं. कंबर धरणारा माणूस माझ्यासारख्याच्या मागे बसून त्या रस्त्यांवरून हिंडायला कसा तयार होतो, हे कोडं मला पडायला हवं होतं. पडलं नाही. सकाळी काकू त्यांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवत, अगदी बाजारभावांसकट. म्हातारपणी इतकं प्रेम टिकतं याचं मला कौतुक वाटे. बाहेर पडताना काकू नेहमी दोन पावलं पुढे आणि डॉक्टर मागे. बायकोला पुढे चालू देणारा त्या पिढीतला माणूस म्हणून मी त्यांना मनोमन गुण देऊन टाकले होते.

आणि ती मान वळवून कोपऱ्यातून बघण्याची ढब. तिने तर मी भारावून गेलो होतो. समोरून बघतो तो अडाणी, जाणकार तिरकं बघतो, असा माझा समज झाला. एकदा डॉक्टर आत चहा घेत असताना मी गोठ्यात एकटाच गेलो, एका खोंडासमोर उभा राहिलो, मान डावीकडे टाकली आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्याला निरखू लागलो. मालकाची म्हातारी आई शेण भरत होती. ती थांबली.

"मान आवघाडली का रं बाबा?" ती म्हणाली. "त्येल लावून दिऊ?"

हळूहळू माझ्याकडे पुरेशा जोड्या जमल्या आणि मी गणित मांडलं. उत्तर पाहून मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. शिंगं, कातडी, वशिंड, चाल यांनाच सगळं वजन होतं. रंगाला शून्य. डोळ्यांना शून्य. खुरांना शून्य. ज्या वाट्यांत डॉक्टरांनी मुठी रिकाम्या केल्या होत्या, त्याच वाट्या प्रत्यक्षात कोरड्या ठणठणीत.

एखादा शहाणा माणूस इथे थांबून म्हणाला असता की बाबा रे, जे हाताला लागतं आणि कानाला ऐकू येतं तेवढंच मोजलं गेलंय, जे नुसतं बघायचं ते सगळं गळलंय, याचा अर्थ काय होतो बघ. मी शहाणा नव्हतो, मी संशोधक होतो. मी एक सिद्धांत रचला. अनुभव वाढत जातो तसतसे ठळक निकष जाणकाराच्या मनातून उडून जातात आणि सूक्ष्म निकष उरतात. त्याला मी 'निकषांचं बाष्पीभवन' असं नाव दिलं. गावातल्या एकमेव फोनवरून सरांना लगेच कळवलं. ते म्हणाले, "नाव चांगलं आहे." त्यातला संशय मला ऐकू आला नाही. लाइन खराब होती.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टर देवळात गेले होते. काकू चुलीपुढे भाकऱ्या थापत होत्या. मी पाटावर बसून त्यांना माझा शोध समजावून सांगितला. माणसं किती भाबडी असतात, स्वतःलाच ओळखत नाहीत, डॉक्टरांना वाटतं आपण खूर बघतो आणि प्रत्यक्षात ते खुरांकडे पाहतच नाहीत, वगैरे.

काकूंचे हात थांबले. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी त्यांनी उलटली नाही.

"हे त्यांना बोललास का?"

"अजून नाही. उद्या सकाळी कमिटीची बैठक आहे ना, शिंगटेआबांनी मला बोलायला सांगितलंय. तिथेच सांगणार."

"कमिटीसमोर नको, मुकुंदा."

"का?"

त्यांनी भाकरी उलटली. ती काळी झाली होती. "काहीतरी चुकलं असेल तुझं. परत एकदा तपास."

डॉक्टरांना आपलं कौतुक चारचौघांत झालेलं आवडणार नाही, अशी त्यांची काळजी असणार, हे मी ओळखलं. मी सगळं गणित पुन्हा तपासलं. आकडे जसेच्या तसे आले. जेवताना मी काकूंना तसं सांगितलं तर त्यांनी फक्त मान हलवली आणि डॉक्टरांच्या ताटात आमटीची वाटी ठेवून त्यांचा हात तिला लावून दिला. तेही मी पाहिलं. पाहण्यात मी कुठे कमी पडलो नव्हतो.

सकाळी मैदानाच्या कडेला मांडवात बैठक भरली. प्रदर्शनाचे अध्यक्ष शिंगटेआबा, कमिटीतले पाचसहा जण, आणि बैलवाल्यांच्या वतीने नामदेव बाबर. डॉक्टर खुर्चीत ताठ बसले होते. बाहेर बैल येत होते. धूळ उडत होती. कुणीतरी कर्णा तपासत 'हॅलो हॅलो' करत होतं.

"रिसबूटसाहेब आपल्या डॉक्टरांवर अभ्यास करत्यात," आबा म्हणाले. "काय घावलं ते सांगा दोन शब्दांत. मग कामाला लागू."

दोन शब्दांत सांगणारा मी नव्हे. मी उभा राहिलो. वाट्या आणि शेंगदाण्यांपासून सुरुवात केली. लोक हसले, मला हुरूप आला. मग म्हणालो, "आता गंमत बघा. डॉक्टर म्हणतात खूर सगळ्यात महत्त्वाचे. पण मी जितक्या जोड्या त्यांना दाखवल्या त्यांत खुरांना वजन किती? शून्य. रंगाला शून्य. डोळ्यांना शून्य. डॉक्टर तिकडे बघतच नाहीत."

कुणी हसलं नाही. मला वाटलं, नीट कळलं नसावं. मी उदाहरण दिलं.

"बाबरांच्याच बैलाचं घ्या. मागच्या डाव्या खुराला भेग आहे, मी डोळ्यांनी पाहिली. तरी डॉक्टरांनी तोच निवडला. आणि माझ्या गणिताप्रमाणे आज पहिला नंबरही बाबरांच्याच बैलाचा येणार."

आबा स्वतःच्या वहाणांकडे बघत होते. बाबरांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मी एकेकाकडे पाहिलं, आणि शेवटी डॉक्टरांकडे.

"बरोबर सांगतायत ते," डॉक्टर म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता. "मी बघत नाही. दिसत नाही म्हणून."

मी अजून उभाच होतो. बसावं की नाही ते कळेना.

"दोन वर्षं झाली," डॉक्टर पुढे म्हणाले. "डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. ऑपरेशनने बरा होत नाही. समोरचं, मधलं जातं. कडेकडेचं थोडं उरतं. माणूस आलेला कळतो, चेहरा कळत नाही. बैल कळतो, भेग कळत नाही. मी कुणाला सांगितलं नाही, कारण मला हे काम सोडायचं नव्हतं. त्यामुळे गेल्या दोन वर्षांचे निकाल मी पुरते न बघता दिलेत. आबा, ते रद्द करायचे का ते कमिटीने ठरवावं. मी आज परीक्षक म्हणून बसत नाही."

ते उठायला लागले. बाबर त्यांच्या आधी उठले.

"डॉक्टर, बसा."

"बाबर, तुमचाच बैल गेल्या वर्षी दुसरा आला."

"आला. त्याच्या रंगात खोट हुती. मीच सांगितली हुती तुमास्नी."

डॉक्टर आवाजाच्या दिशेने वळले. म्हणजे बाबरांपासून थोडे बाजूला.

"आमास्नी ठाऊक हाय," बाबर म्हणाले.

"काय ठाऊक आहे?"

"डोळ्याचं. तुम्ही माझ्या वासराच्या पायातला काटा काढाय आला हुता बगा. तुम्ही बोटांनी चाचपत हुता, आन काटा मला लांबनं दिसत हुता. तवाच समजलं. त्या साली मैदानात तुम्ही बैलाला हात लावला, तसं मी म्हनलं, डॉक्टर, ह्याच्या पाठीवर तांबूस झाक हाय. बाजूच्यानं ऐकलं, त्यानंबी त्याच्या बैलाचं सांगितलं. तिथनं समदेच सांगाय लागले."

"मला वाटायचं, बैलवाले बडबडे झालेत," डॉक्टर म्हणाले.

"व्हय."

"सगळ्यांना माहीत आहे?"

शिंगटेआबा खाकरले. "समद्यांस्नी म्हंजे, गावात तसं समद्यांस्नीच."

"आणि कुणी खोटं बोललं नाही?"

बाबरांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. "ज्याला दिसतंय त्याला फशिवण्यात मजा असती, डॉक्टर. ज्याला दिसत न्हाई त्याला काय फशिवायचं?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि ते इतकं सावकाश आलं की मला ते येताना दिसलं. डॉक्टरांच्या निवाड्यात रंग होता, डोळे होते, खूर तर सगळ्यात जास्त होते. त्यांनी दाणे टाकले होते ते अगदी खरे होते. ते सगळं त्यांच्यापर्यंत बैलवाल्यांच्या तोंडून पोचत होतं, आणि ती तोंडं मी बंद केली होती. शून्य डॉक्टरांचं नव्हतं. ते मी पुण्याहून आणलं होतं.

"हे मालनला माहीत आहे का? तुम्हाला माहीत आहे ते?" डॉक्टरांनी विचारलं.

"काकूंना न्हाई," आबा म्हणाले. "त्या एवढ्या जिवापाड लपवत्यात, मग कसं सांगायचं? आम्ही आपलं वळखत न्हाई असं दाखवतो."

डॉक्टर परत खुर्चीत टेकले. राग आला होता की काय झालं होतं, मला सांगता येणार नाही. चेहरे वाचण्यातली माझी गती एव्हाना सगळ्यांना कळली होती.

"म्हणजे निकाल तुम्हीच दिलेत," ते म्हणाले.

"न्हाई," बाबर म्हणाले. "खोट आम्ही सांगितली. निकाल तुमचा. एवढ्या मोठ्या मैदानात कुणाची खोट कुणाच्या खोटीपुढं हलकी, ते आमास्नी कुठं ठरवता येतंय?"

बाहेर बैल उन्हात उभे होते. डॉक्टर उठले, उपरणं झटकलं आणि खांद्यावर टाकलं.

"चला," ते म्हणाले. आणि मग, "रिसबूड, तुम्हीही या. पण बोलायचं नाही."

त्या दिवशी मी डॉक्टरांच्या मागे मागे मैदानभर फिरलो आणि पहिल्यांदाच ते प्रदर्शन ऐकलं. डॉक्टरांचा हात शिंगावर पडला की मालक बोलायला लागे. "रंग कोसा, पांढरा हाय डॉक्टर, पर मांडीला डाग हाय." "ह्याचा उजवा डोळा वाऱ्याला पाणावतो." "खूर चांगलं हायत, फकस्त पुढचं एक जरा पसरट हाय." कुणी खाली मान घालून सांगे, कुणी बैलाच्या पाठीवर हात फिरवत, जणू त्याची माफी मागत. एक तरणा मालक आपल्या बैलाची खोड सांगताना इतका अडखळला की शेजारच्याने त्याला कोपराने ढोसलं. मी लग्नाच्या बैठकींना पुष्कळ बसलोय, स्वतः मुलगा म्हणूनही बसलोय. कुणी असं बोलल्याचं मला आठवत नाही.

बाबरांची पाळी आली. बैल सुरेख होता. उंच, बांधेसूद, शिंगं एका मापाची.

"मागल्या डाव्या खुराला भेग हाय," बाबर म्हणाले. "त्या दिवशी सांगणार हुतो."

डॉक्टर खाली बसले. बाबरांनी बैलाचा पाय उचलून धरला आणि डॉक्टरांनी अंगठा भेगेवरून हळूच फिरवला.

"वर चढत चाललीय," ते म्हणाले. "महिनाभर कामाला लावू नका याला. कोरडं ठेवा."

"व्हय."

बाबरांच्या बैलाला कोणताच नंबर आला नाही. पहिला नंबर एका बुटक्या, शांत बैलाला गेला, ज्याला माझ्या गणिताने खालून दुसरा ठेवला होता. कुणी भांडलं नाही.

निकाल सांगून झाल्यावर डॉक्टरांनी कर्णेवाल्याच्या हातून माइक घेतला. "माझे डोळे गेलेत," ते म्हणाले. "हे तुम्हा सगळ्यांना माहीत होतं, हे मला आज कळलं. पुढच्या वर्षी दुसरा परीक्षक बघा." माइक परत दिला आणि मोटारसायकलच्या दिशेने चालू लागले. लोकांनी वाट करून दिली. ती इतकी सफाईने दिली की त्यांना त्याची सवय होती हे उघड होतं.

घरी काकू दारातच उभ्या होत्या. माझ्याकडे न बघता त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "काय झालं?"

"सगळ्यांना माहीत होतं," डॉक्टर म्हणाले.

"सगळ्यांना म्हणजे?"

"गावाला."

"किराणावाल्याला?"

"असणारच."

काकू ओट्यावर बसल्या. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि मी मेली दोन वर्षं सगळीकडे पुढे पुढे चालतेय. लोक म्हणत असतील, काय बाई आहे." आणि त्यांना हसू आलं. डॉक्टरही त्यांच्या शेजारी बसले आणि हसायला लागले. दोघं इतकं हसले की काकूंना डोळे पुसावे लागले, आणि पुसताना ते थांबेनात. मी मोटारसायकल उगाचच पुसत उभा राहिलो.

जेवायला बसल्यावर काकूंनी मला गाठलं.

"तुला मी सांगितलं होतं, कमिटीसमोर नको म्हणून."

"हो."

"मग काय वाटलं तुला, का सांगितलं मी?"

"मला वाटलं," मी म्हणालो, "काकांना कौतुक आवडत नसेल."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांकडे पाहिलं, जणू या मुलाचं काय करायचं ते त्यांनी सांगावं.

"वाढ त्याला," डॉक्टर म्हणाले.

पुण्याला आल्यावर मी सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाष्पीभवन झालं म्हणायचं." माझा प्रबंध पुढे कारखान्यासाठी लेथ मशीन कसं निवडावं या विषयावर झाला. लेथच्या बाजूने बोलायला कुणी उभं राहत नाही, त्यामुळे ते काम निर्वेध पार पडलं आणि मला पदवी मिळाली.

पुढच्या वर्षी जत्रेचं बोलावणं आलं ते डॉक्टरांकडून. मी गेलो. नवा परीक्षक तालुक्याहून आला होता, तरुण, हुशार, नजर घारीसारखी. तो प्रत्येक बैलाचा पाय उचलून खूर बघत होता, पापणी वर करून डोळे बघत होता. डॉक्टर आणि मी मांडवात खुर्च्या टाकून बसलो होतो.

"काय चाललंय?" थोड्या वेळाने डॉक्टरांनी विचारलं. "सुरू झालं नाही का अजून?"

"झालं की. अर्धी रांग झाली."

"मग बोलत का नाही कुणी?"

मी मैदानाकडे पाहिलं. मालक आपापल्या बैलांच्या कासऱ्याला धरून उभे होते, ओठ घट्ट मिटून, नजर समोर. परीक्षक वाकला की त्याच्याबरोबर त्यांच्याही माना वाकत होत्या, त्याला काय सापडतंय ते बघायला. एका टोकाला नुकत्याच झालेल्या निवडीवरून कुणाचंतरी भांडण जुंपलं होतं आणि शिंगटेआबा दोन्ही हात पसरून मध्ये उभे होते.

मी उठून बाबरांकडे गेलो. त्यांनी नवा बैल आणला होता, देखणा. जवळ गेल्यावर मला त्याच्या शेपटीचा गोंडा दिसला. काळाभोर, जरा जास्तच काळाभोर. गोंड्यात पांढरे केस असले तर ती खोट धरतात. गेल्या वर्षभरात मी समोरून बघायला शिकलो होतो.

"बाबर," मी हळूच म्हणालो, "गोंड्याला रंग लावलाय ना?"

बाबरांनी इकडेतिकडे पाहिलं. "लावलाय."

"मग सांगणार नाही त्यांना?"

परीक्षक दोन बैल सोडून पलीकडे होता. बाबरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती आणि लबाडीही नव्हती. मला काही कळत नाही याची त्यांना फक्त सवय झाली होती.

"त्यास्नी डोळं हायत की," ते म्हणाले. "बघू द्या त्यांचं त्यांनी."

बैलाला दुसरा नंबर मिळाला.